दहावी घटनादुरुस्ती (अमेरिकेची संयुक्त संस्थाने)

केंद्राच्या अधिकारांना मर्यादा घालणारी अमेरिकेच्या संविधानातील तरतूद. संविधानाने केंद्राकडे न सोपवलेले आणि राज्यांना मनाई न केलेले अधिकार राज्यांकडे किंवा जनतेकडे राखून ठेवले आहेत, असा या एकवाक्यी दुरुस्तीचा आशय आहे. हक्कांची सनद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पहिल्या दहा दुरुस्त्यांपैकी ही शेवटची असून त्या सर्व १५ डिसेंबर १७९१ रोजी अमलात आल्या.

पार्श्वभूमी : १७८१ पासून लागू असलेल्या राज्यसंघाच्या करारनाम्यात राज्ये सार्वभौम होती. केंद्रीय काँग्रेसला कर बसवता येत नसे. खर्चासाठी राज्यांपुढे हात पसरावा लागे. फिलाडेल्फिया येथे १७८७ मध्ये तयार झालेल्या संविधानाने करआकारणी, सैन्य व आंतरराज्य व्यापार हे विषय केंद्राकडे दिले. त्यामुळे राज्ये नामधारी उरतील, अशी भीती पॅट्रिक हेन्री, जॉर्ज मेसन प्रभृती विरोधकांनी व्यक्त केली. अनेक राज्यांनी संमती देतानाच दुरुस्त्या सुचवल्या. जेम्स मॅडिसन यांनी जून १७८९ मध्ये त्यांचा मसुदा प्रतिनिधिगृहात मांडला. केंद्राला ‘स्पष्टपणे’ दिलेलेच अधिकार असावेत, असा शब्द घालण्याची सूचना मात्र फेटाळली गेली. जुन्या करारनाम्यात तो शब्द होता.

न्यायालयीन अर्थ : या वगळलेल्या शब्दाचे महत्त्व ‘मॅक्युलक विरुद्ध मेरिलँड’ (१८१९) या खटल्यात दिसले. मेरिलँड राज्याने केंद्रस्थापित बँकेच्या बाल्टिमोर शाखेवर कर बसवला होता. बँक स्थापण्याचा अधिकार संविधानात नोंदलेला नाही, हा राज्याचा मुद्दा सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी अमान्य केला. केंद्राला गर्भित अधिकारही आहेत, असे ठरवून त्यांनी हा कर रद्द केला.

पुढील काळात न्यायालयाची भूमिका अनेकदा पालटली. बालकामगारांनी बनवलेल्या मालाची आंतरराज्य वाहतूक रोखणारा केंद्रीय कायदा १९१८ मध्ये राज्यांच्या राखीव अधिकारांचा आधार घेऊन रद्द झाला. १९४१ मध्ये ‘डार्बी’ खटल्यात तो निर्णय मोडीत निघाला. जे दिलेले नाही ते राखीव आहे, एवढेच ही दुरुस्ती सांगते, असे न्यायालयाने म्हटले. त्यानंतर व्यापारविषयक अधिकाराच्या बळावर केंद्राचे कार्यक्षेत्र वाढत गेले.

राज्ययंत्रणा वेठीस न धरण्याचे तत्त्व : १९९२ पासून दुरुस्तीला नवी धार आली. ‘न्यूयॉर्क विरुद्ध संयुक्त संस्थाने’ या खटल्यात, विशिष्ट कायदा करण्याची सक्ती केंद्र राज्यावर करू शकत नाही, असे ठरले. १९९३ च्या ब्रॅडी कायद्याने पिस्तूल विकत घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासण्याचे काम काही काळापुरते स्थानिक पोलीस प्रमुखांवर टाकले होते. मोंटाना व ॲरिझोना येथील दोन शेरीफांनी त्याला आव्हान दिले. १९९७ मध्ये ही सक्ती रद्द झाली. केंद्राला आपला कायदा स्वतःच्या अधिकाऱ्यांमार्फत राबवण्याची मुभा राहिली. याच तत्त्वावर २०१८ मध्ये न्यू जर्सीला क्रीडा-सट्ट्यास परवानगी देण्याची वाट मोकळी झाली.

मर्यादा : सक्ती करता येत नसली तरी केंद्र अनुदानाला अटी जोडू शकते. मद्यपानाचे किमान वय २१ न ठेवणाऱ्या राज्यांच्या महामार्ग निधीतील पाच टक्के रक्कम रोखण्याची तरतूद १९८७ मध्ये वैध ठरली. मात्र २०१२ मध्ये, आरोग्यविमा योजनेचा विस्तार न केल्यास तिचे चालू अनुदानही बंद करण्याची तरतूद दबावतंत्र ठरली.

राजकीय वापर : राज्यांच्या हक्कांचा मुद्दा एकाच पक्षाचा राहिलेला नाही. दक्षिणेतील राज्यांनी गुलामगिरी व पुढे वर्णविभक्त शाळा टिकवण्यासाठी तो वापरला. गुलामगिरी १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीने संपली, तर १९५४ च्या निकालाने शाळांतील विभक्तता घटनाबाह्य ठरवताना १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीचा आधार घेतला. अलीकडे स्थलांतरितांच्या धरपकडीत केंद्राला साहाय्य नाकारणारी शहरेही दहाव्या दुरुस्तीचाच हवाला देतात.

तुलना : ऑस्ट्रेलियात शेषाधिकार राज्यांकडे, तर कॅनडात केंद्राकडे आहेत. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २४८ आणि संघसूचीतील ९७ व्या नोंदीनुसार ते संसदेकडे आहेत.