उमेदवार दारात आला की पाण्याचा हिशेब विचारा

निवडणूक लागली की आपल्या वस्तीत रस्ता, समाजमंदिर आणि पथदिव्यांची आश्वासने येतात. दुष्काळ, अतिवृष्टी आणि उष्णता यांवर उमेदवार काय करणार, हे मात्र आपणही फारसे विचारत नाही. ते का व कसे विचारावे, यासाठी ही माहिती देत आहोत.

जिल्ह्याची स्थिती

अहिल्यानगर जिल्ह्यात अकोल्याच्या घाटमाथ्यावर धो धो पाऊस पडतो, तर पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेड हे तालुके पर्जन्यछायेत येतात. सप्टेंबर 2025 मध्ये पाथर्डी-जामखेडसारख्या दुष्काळी तालुक्यांतच अतिवृष्टी झाली, शेते पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात टँकर आणि पावसाळ्यात पूर, हे दोन्ही आता एकाच गावाच्या वाट्याला येते. याची पहिली झळ बसते ती भूमिहीनाला, पत्र्याच्या घरात राहणाऱ्याला आणि ओढ्याकाठच्या वस्तीला.

अधिकार कोणाचे?

73 व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींचे 29 विषय आहेत. त्यांत पिण्याचे पाणी, लघुसिंचन, पाणलोट विकास आणि सामाजिक वनीकरण येतात. शहरांसाठी 74 वी घटनादुरुस्ती आहे. तिच्या बाराव्या अनुसूचीतील 18 विषयांत पर्यावरण संरक्षण आणि झोपडपट्टी सुधारणा आहेत. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-26 या काळात ग्रामपंचायतींच्या अनुदानातील 60 टक्के रक्कम पाणी व स्वच्छतेसाठी बांधील ठेवली. त्यामुळे ‘हे आमच्या हातात नाही’ हे उत्तर पूर्ण खरे नाही.

हिवरे बाजारने काय केले?

नगर तालुक्यातील या गावाची धुरा पोपटराव पवार यांनी 1989 नंतर सांभाळली. पाणलोटाची कामे तर झालीच, पण पाणी वापरायचे कसे याचे नियमही ग्रामसभेने केले : शेतीसाठी बोअरवेल नको, ऊस-केळीसारखी जास्त पाणी पिणारी पिके नकोत. पाऊस किती झाला हे पाहून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला जातो आणि त्यानुसार पिके ठरतात. जानेवारी 2021 मध्ये सुमारे 30 वर्षांनी तिथे ग्रामपंचायतीसाठी मतदान झाले आणि पवार यांचे पॅनल निवडून आले. पाणी वापरावर बंधने घालणाऱ्याला लोक मते देत नाहीत, हा समज इथे टिकत नाही.

ठराव पुरेसा नसतो

नियम चांगला असला तरी तो आपल्या वस्तीपर्यंत पोहोचतो का, हे आपणच पाहावे लागते. 1923 मध्ये मुंबई कायदे मंडळात बोले ठराव मंजूर झाला. त्यानुसार महाड नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळे अस्पृश्यांना खुले केले, पण कागदावरच. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सत्याग्रह करून ते पाणी घेतले, तर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला. स्थानिक संस्थेत कोण बसले आहे, यावर पाण्याचा हक्क किती अवलंबून असतो, हे महाडने दाखवले.

विचारायचे पाच प्रश्न

1. गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडणार का? टंचाईत पिण्याचे पाणी पहिले, हा नियम ग्रामसभेत करणार का?

2. टँकर आला तर तो आपल्या वस्तीत कधी आणि कुठे उभा राहणार?

3. ओढ्या-नाल्यांवरील अडथळे पावसाळ्याआधी काढणार का? पुरात हलवावे लागले तर लोकांना कुठे नेणार?

4. मागासवर्गीयांसाठी राखीव निधी आणि अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्ती विकासाच्या योजनेतून गटार, पाणी, सावलीची झाडे यांची कामे घेणार का, की फक्त कमानी आणि पेव्हर ब्लॉक?

5. दुष्काळात भूमिहीन मजुरांना गावातच काम मिळावे, यासाठी मृद-जलसंधारणाच्या कामांचा आराखडा आधीच तयार ठेवणार का?

उत्तरे शक्यतो लेखी घ्या आणि वस्तीच्या बैठकीत वाचून दाखवा. निवडणुकीनंतर पहिल्याच ग्रामसभेत तो कागद घेऊन जा आणि विषय इतिवृत्तात नोंदवला गेला का ते तपासा. महिलांनी ग्रामसभेपूर्वीच्या महिला सभेत हेच प्रश्न मांडावेत. हंडा घेऊन रांगेत त्याच उभ्या असतात. मत एक दिवसाचे असते, हिशेब मात्र पाच वर्षे मागता येतो.