ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये बग सापडला, तर कळवायचा कुणाला आणि कसा?

मार्च २०२४. मायक्रोसॉफ्टमधले इंजिनिअर आंद्रेस फ्रॉइंड यांच्या लक्षात आलं, की एसएसएच लॉग-इनला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतोय. आधी ०.३ सेकंद लागायचे, आता ०.८. दुसऱ्या कुणी लक्षही दिलं नसतं. त्यांनी शोध घेतला आणि एक्सझेड या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ आवृत्त्यांमध्ये मुद्दाम ठेवलेली चोरवाट सापडली. जगभरातले असंख्य सर्व्हर एसएसएचच्या भरवशावर चालतात.

त्यांनी लगेच पोस्ट टाकून बोभाटा केला नाही. आधी डेबियन लिनक्सच्या सुरक्षा टीमला खासगीत कळवलं आणि २९ मार्चला माहिती जाहीर केली. एक्सझेडच्या प्रकल्पाला मात्र त्यांनी कळवलं नाही, कारण आतल्याच कुणाचा तरी हात असावा असं दिसत होतं. हा अपवाद. एरवी पहिला निरोप सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनाच जायला हवा.

बग की सुरक्षेतलं भगदाड?

मेन्यू उघडत नाही, आकडे चुकीचे दिसतात, हे साधे बग. ते प्रकल्पाच्या इश्यू ट्रॅकरवर उघडपणे लिहा. (आधी तिथे सर्च करा, तोच बग दहा जणांनी नोंदवलेला असू शकतो.) पण त्या बगचा वापर करून कुणी डेटा चोरू शकत असेल किंवा सर्व्हर पाडू शकत असेल, तर तो खासगीतच कळवायचा. कुठे कळवायचं, हे बहुतेक मोठ्या प्रकल्पांच्या कोडमधल्या ‘सिक्युरिटी’ नावाच्या फाइलमध्ये दिलेलं असतं. गिटलॅबवर इश्यू ‘कॉन्फिडेन्शियल’ ठेवायची सोयही आहे. नक्की कळत नसेल, तर खासगी मार्ग निवडा. खासगीत आलेली गोष्ट नंतर उघड करता येते, उलटं करता येत नाही.

रिपोर्टमध्ये काय लिहायचं?

‘चालत नाही’ एवढंच लिहिलं, तर कुणालाच मदत होत नाही. सॉफ्टवेअरची नेमकी आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम, काय केल्यावर बिघडतं आणि खरं तर काय व्हायला हवं होतं, हे लिहा. फ्रॉइंड यांनी आधीची-नंतरची वेळ मोजून दिली होती आणि आपण सुरक्षा संशोधक नाही, बऱ्याच गोष्टी तपासलेल्या नाहीत, हेही स्पष्ट लिहिलं होतं.

वायरशार्कसारख्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत डेव्हलपर बहुतेक वेळा पॅकेट कॅप्चर फाइल मागतात. इथे जरा थांबा. या फाइलमध्ये तुमच्या नेटवर्कवरून गेलेला खराखुरा डेटा असतो: कोणत्या साइट उघडल्या, आयपी अ‍ॅड्रेस, कुकीज, एनक्रिप्शन नसेल तर पासवर्डसुद्धा. ऑफिसच्या वायफायवरची अख्खी फाइल उघड इश्यूला जोडली, तर बग राहिला बाजूला, तुम्हीच डेटा फोडलात! वेगळ्या टेस्ट नेटवर्कवर तोच बग पुन्हा घडवा आणि लागतील तेवढीच पॅकेट्स पाठवा.

एआयला विचारून बनवलेला, स्वतः न तपासलेला रिपोर्ट तर नकोच. ‘कर्ल’चे डॅनियल स्टेनबर्ग यांनी अशा बनावट रिपोर्ट्सवर जाहीरपणे वैताग व्यक्त केला आहे. स्वयंसेवकांचा वेळ त्यातच जातो.

किती दिवस गप्प राहायचं?

ओपनएसएसएलमधला ‘हार्टब्लीड’ बग दोन वर्षं कुणाला दिसला नाही. मग गूगलचे नील मेहता आणि फिनलंडची कोडेनॉमिकॉन कंपनी यांना तो स्वतंत्रपणे, जवळपास एकाच काळात सापडला. दुरुस्ती आली ७ एप्रिल २०१४ ला. म्हणजे जे तुम्हाला दिसलं, ते वाईट हेतूच्या माणसालाही दिसू शकतं. म्हणूनच गूगलची ‘प्रोजेक्ट झीरो’ टीम साधारण ९० दिवसांची मुदत देते. तुम्हीही पहिल्याच मेलमध्ये तारीख सुचवू शकता.

प्रकल्पाकडून उत्तरच येत नसेल, तर भारतात ‘सर्ट-इन’ या सरकारी संस्थेला कळवता येतं. ती मध्यस्थी करते आणि बगला सीव्हीई क्रमांकही देऊ शकते.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा: चाचणी स्वतःच्याच मशीनवर. बग खरा आहे का, हे बघायला परवानगीशिवाय दुसऱ्याच्या सर्व्हरमध्ये शिरलात, तर आयटी कायद्याचं कलम ४३ लागू शकतं. हेतू अप्रामाणिक ठरला, तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.