छप्पर आणि तीन भिंती

कुणी 'गाडी गॅरेजला आहे' असं म्हटलं, की आपण लगेच विचारतो, 'का, काय झालं?' इंग्रजाला हा प्रश्न पडणार नाही. त्याची गाडी रोज रात्री गॅरेजमध्येच असते. मूळ शब्द फ्रेंचांचा. वाहन बाजूला, आडोशाला लावणं असा त्याचा अर्थ. मराठीत मात्र हा शब्द मिस्त्रीच्या हाताला लागलेलं ग्रीस घेऊनच आला. आपल्या लेखी गॅरेज म्हणजे जिथं गाडी उघडतात ती जागा.

आज मला बोलायचं आहे ते या दोन अर्थांच्या मधल्या एका जागेविषयी. पिंपरी-चिंचवडच्या घरांमध्ये अशी गॅरेजेस मी पाहिली, की जिथं गाडी ठेवलीही जाते आणि उघडलीही जाते. माझी सगळी नोकरी या पट्ट्यातल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये झाली आणि घर निगडी प्राधिकरणात. त्यामुळे हा विषय मला दोन्ही बाजूंनी माहीत आहे.

आधी पुण्याकडे पाहू. डेक्कन जिमखाना, प्रभात रोड या भागातल्या जुन्या बंगल्यांना गॅरेज असे, पण ते मागच्या अंगाला, घरापासून सुटं. बग्गी आणि घोडे घरापासून लांब ठेवायची जी पद्धत होती, तीच मोटारीला लागू झाली. शिवाय पेट्रोलची भीती होतीच. मालक स्वतः तिथं क्वचितच जात. ते राज्य ड्रायव्हरचं आणि क्लीनरचं. पुढे त्यातल्या कितीतरी गॅरेजांत डॉक्टरांचे दवाखाने आणि शिकवणीचे वर्ग भरू लागले. म्हणजे गाडी गेली तरी त्या खोलीशी कुणाचं काही नातं तुटलं, असं झालं नाही. ते मुळात जुळलेलंच नव्हतं.

मुंबई-पुणे रस्त्यावर पिंपरीपासून पुढे जे घडलं ते वेगळं होतं. 1954 मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि पिंपरी, चिंचवड, भोसरी इथल्या माळावर प्लॉट पडले. आकुर्डीला बजाज ऑटोचा कारखाना आला, बजाज टेम्पो आली, आणि 1966 मध्ये टेल्को आली. टेल्कोची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण माझा मुद्दा तिथंच सुरू होतो. सुमंत मूळगावकरांनी पुण्यात कारखाना काढला, पण पुण्यात तयार झालेलं पहिलं मालवाहू वाहन बाहेर पडलं ते 1977 मध्ये. मधली दहा-अकरा वर्षं काय चाललं होतं? यंत्रं बनवणारी यंत्रं, साचे, डाय, हत्यारं घडत होती, आणि ती घडवणारी मुलं शिकत होती. आधी हत्यार, मग गाडी, असा तो क्रम. मला तो या पट्ट्याचा स्वभावच वाटतो.

ज्यांनी टूलरूम पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तिथं हत्यारांची एक खिडकी असते. प्रत्येक कामगाराला स्वतःचा नंबर कोरलेले पितळी बिल्ले मिळतात. मायक्रोमीटर हवा असेल तर बिल्ला द्यायचा. खिडकीतला माणूस मायक्रोमीटर देतो आणि त्याच्या रिकाम्या हुकावर बिल्ला अडकवतो. मायक्रोमीटर परत आला की बिल्ला परत. भिंतीकडे नुसतं पाहिलं तरी कळतं, कुठलं हत्यार कुणाकडे आहे. वही नाही, पावती नाही. चोरीपेक्षा विसरण्यावरचा हा इलाज आहे.

1972 मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं. निगडी, आकुर्डीकडच्या सेक्टरांमध्ये 99 वर्षांच्या कराराने प्लॉट मिळू लागले आणि कारखान्यांतल्या फोरमन, सुपरवायझर, टूलमेकर लोकांनी कर्ज काढून घरं बांधली. त्याच 1972 मध्ये आकुर्डीहून चेतक बाहेर पडली. तेव्हा मोटार कुणाकडे होती? स्कूटर जिन्याखाली उभी राहायची. पण नकाशात गॅरेज काढलेलं असायचं. गाडी पुढेमागे येईलच, या भरवशावर बांधलेल्या त्या खोलीत कित्येक वर्षं एक स्कूटर, दोन सायकली आणि एक वाइस एवढंच होतं. आमच्या गल्लीत वाइस आधी आला आणि मोटार पंधरा वर्षांनी आली, अशी घरं मी दाखवू शकेन.

चेतकने या मंडळींचा हात चालू ठेवला. पेट्रोलमध्ये ऑइल मापून घालायचं, प्लगवरचा कार्बन पॉलिश पेपरने काढायचा, पॉइंटमधली फट फीलर गेजने बघायची, आणि रस्त्यात चाक बसलं तर स्टेपनी लावायची. (हा आपला अस्सल देशी वाटणारा 'स्टेपनी' शब्द वेल्समधल्या लॅनेली गावच्या एका कंपनीचं नाव आहे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती सुटी चाकं विकत असे.) या कामांना मिस्त्री लागत नव्हता. रविवारी सकाळी लेंगा दुमडून बसलेला माणूस आणि शेजारी रॉकेलचा डबा, हे दृश्य घरोघरी होतं.

आता त्या खोलीची रचना पाहू. आमच्याकडचं गॅरेज साधारण 10 फूट बाय 18 फूट. पुढे त्यात फियाट आली, म्हणजे प्रीमियर पद्मिनी. तिची लांबी जवळजवळ 13 फूट, रुंदी पाच फुटांच्या आत. गाडी मधोमध लावली तर दोन्ही बाजूंना अडीच-अडीच फूट उरतात आणि कुठल्याच बाजूला धड काम होत नाही. म्हणून गाडी एका भिंतीकडे सरकवायची, तिकडे दीड फूट सोडायचं, आणि दुसरीकडे साडेतीन फूट मोकळे ठेवायचे. समोरच्या भिंतीशी जे पाच फूट उरतात, तिथं बाक. बाकाची उंची अशी, की त्यावर बसवलेल्या वाइसचा माथा उभ्या माणसाच्या कोपरापाशी यावा. कानस चालवणाऱ्याला पहिल्या आठवड्यात शिकवतात तो हा नियम. बाक खाली असेल तर कंबर जाते, वर असेल तर खांदा.

दिव्याचीही एक गंमत आहे. घरं बांधणारे छताच्या मधोमध दिवा देतात. गाडीचं बॉनेट उघडलं की तोच दिवा बॉनेटच्या पाठीवर पडतो आणि इंजिनावर अंधार. म्हणून ट्यूब बाजूच्या भिंतींवर, खांद्याच्या थोड्या वर, आणि हातात धरायला लांब वायरचा दिवा. ग्राइंडर असेल तर त्यावर मात्र साधा बल्ब. जुन्या ट्यूबच्या उजेडात फिरतं चाक कधी कधी थांबल्यासारखं दिसतं आणि माणूस बोट पुढे करतो.

जमिनीला कारखान्यासारखा घोटलेला सिमेंटचा कोबा, दाराकडे किंचित उतार. गुळगुळीत फरशी नको, तिच्यावर ऑइल सांडलं की पाय सरकतो आणि जॅकही सरकतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही, खाली लोखंडी स्टँड लावायचेच, यावर आमच्या गल्लीत मतभेद नव्हते. मतभेद होते ते खड्ड्यावर. गाडीखाली उभं राहून काम करायला जमिनीत खड्डा घ्यावा, ही कित्येकांची हौस. मी त्याच्या विरुद्ध होतो आणि आजही आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती खाली जाऊन खड्ड्यात साठते, वास वर येत नाही, आणि खाली उतरलेला माणूस हातात दिवा घेऊन उतरतो. घरच्या खड्ड्यात हवा खेचणारा पंखा कोण बसवतो? इंजिन चालू ठेवून दार लावण्याविषयी तेच. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो.

आणि भिंत. माझ्या मते घरच्या गॅरेजचं सगळं मर्म भिंतीत आहे. प्लायवूडच्या फळीवर प्रत्येक पान्याची, पकडीची, हातोडीची आकृती रंगवलेली, आणि त्या आकृतीवर ते हत्यार टांगलेलं. काम संपल्यावर एखादी आकृती मोकळी दिसली, तर बॉनेट बंद करायचं नाही. पाना आत राहिला असणार. आमच्याकडे शेजारी हत्यार न्यायला आले, की हुकावर स्वतःचा बिल्ला लावून जात. नोकरीतला बिल्ला घरी आणायचा नसतो, म्हणून पत्र्याचे गोल कापून त्यावर घरनंबर ठोकले होते.

नव्वदच्या दशकात कारखान्यांमध्ये जपानी 'फाइव्ह एस' आलं. सेइरी म्हणजे नको ते काढून टाकणं, सेइतोन म्हणजे हवं ते जागच्या जागी लावणं, मग सेइसो, सेइकेत्सु आणि शित्सुके. सफाई, सातत्य आणि शिस्त. भिंतीवर तक्ते लागले. टूलरूमच्या लोकांना यातलं दुसरं आणि तिसरं जन्मापासून येत होतं. कठीण गेलं ते पहिलं. कारण आमच्या पिढीचा माणूस वाकलेला खिळासुद्धा टाकत नाही. आंघोळीच्या पाण्याचा तुटलेला हीटर, जुन्या चेतकचा कार्बोरेटर, 'लागेल कधी तरी' म्हणून ठेवलेली पत्र्याची पट्टी, यांनीच गॅरेजं भरली. घरातली मंडळीही काही कमी नव्हती. पापडाचा डबा आणि गणपतीचं मखर यांनाही जागा हवीच होती. ज्या घरांत भिंतीवरच्या एका उंचीपर्यंत घराचा हक्क आणि त्याखाली गाडीचा, असा तह झाला, त्या घरांत गॅरेज टिकलं.

1998 मध्ये इंडिका आली. ऑस्ट्रेलियातला निस्सानचा बंद पडलेला कारखाना विकत घेऊन, सुटा करून, जहाजाने पुण्यात आणून पुन्हा उभारला होता, त्यातून ती बाहेर पडली. पिंपरीतल्या माणसाने कामावर बनवलेली मोटार स्वतःच्या दारात उभी करण्याची ही पहिली मोठी संधी. ज्याने डाय घासला, तो त्याच दरवाजाच्या पत्र्यावरून रविवारी फडकं फिरवत होता.

त्यानंतर गाड्या वाढल्या आणि गॅरेजं संपत गेली. वाकड, पिंपळे सौदागर, मोशी, पुढे चाकणपर्यंत इमारती झाल्या. खाली खांब आणि खांबांमध्ये पांढऱ्या पट्ट्यांनी आखलेल्या जागा, अडीच मीटर बाय पाच मीटर. इंडिकाएवढी छोटी गाडी मधोमध लावली, तर दोन्ही बाजूंना जेमतेम 42 सेंटिमीटर उरतात. दार उघडून उतरण्याइतकीच ती जागा.

या जागेला गॅरेज म्हणायचं की नाही, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1963 च्या महाराष्ट्र मालकी सदनिका कायद्यात 'फ्लॅट'च्या व्याख्येत गॅरेजचा समावेश होता, आणि त्याचा आधार घेऊन बिल्डर खांबांखालच्या जागा वेगळ्या विकत होते. 31 ऑगस्ट 2010 रोजी मुंबईतल्या एका सोसायटीच्या वादात न्यायालयाने सांगितलं, की खांबांखालची मोकळी जागा गॅरेज नव्हे. ती सगळ्या रहिवाशांची सामाईक जागा आहे. 2016 च्या रेरा कायद्याने तर व्याख्याच करून टाकली. छप्पर आणि तीन बाजूंना भिंती असतील, तर ते गॅरेज. निकाल योग्यच होता, बिल्डरांनी लोकांना भरपूर लुबाडलं होतं. पण माझ्यासारख्याने तो वाचला तेव्हा भिंतींवरच नजर थांबली. भिंत नाही तर खिळा कुठं मारायचा? सामाईक जागेत कपाट ठेवलं, ऑइल बदललं, की सोसायटीची नोटीस येते, आणि तीही चुकीची म्हणता येत नाही. जपानमध्ये 1962 पासून कायदा आहे, की गाडी ठेवायला जागा आहे हे दाखवल्याशिवाय ती नोंदवता येत नाही. त्यांनी जागा मागितली, भिंत त्यांनीही मागितली नाही.

गाडीच्या हौशीची मुलं आजही आहेत, पूर्वीपेक्षा जास्तच असतील. चाकणला 2009 पासून 2022 पर्यंत फोक्सवॅगनची पोलो बनत होती. तिच्यावर जीव टाकणारी कितीतरी मुलं मला भेटतात. त्यांना टॉर्क पाना माहीत आहे, गाडीच्या संगणकाला जोडायचा स्कॅनर त्यांच्याकडे आहे. नाही ती जागा. मग तिघेचौघे मिळून भोसरी किंवा चिखलीकडे एखादा गाळा भाड्याने घेतात. कपाटं, रॅक, लोखंडी बाक पूर्वी कुदळवाडीच्या भंगारात स्वस्त मिळत. 2025 च्या फेब्रुवारीत महापालिकेने तिथली बांधकामं मोठ्या प्रमाणावर पाडली, तो बाजार विस्कटला. आकुर्डीहून 2022 पासून विजेवरची चेतक बाहेर पडू लागली. तिला प्लग नाही, कार्बोरेटर नाही, रविवारी काढून धुण्यासारखं फारसं काही नाही.

माझ्या मुलाने वाकडला फ्लॅट घेतला. तळमजल्यावर एक आखलेली जागा आणि फ्लॅटच्या कोरड्या बाल्कनीत एक कपाट, एवढ्यात काय मावेल ते न्यायला तो आला होता. आम्ही दोघं भिंतीसमोर उभे राहिलो. त्याने 8 ते 24 चे रिंग पाने घेतले, गोटी पान्यांचा संच घेतला, प्लग पाना घेऊ का म्हणून विचारलं आणि त्याचं त्यानेच परत टांगलं. फीलर गेज खिशात टाकला. लोखंडी स्टँड जोडीने घेतले, कारण ते मी घेतल्याशिवाय जाऊ दिले नसते. मायक्रोमीटर त्याच्या लाकडी पेटीसकट दिला. वाइस तेवढा राहिला. तो बाकाला चार बोल्टने आवळलेला आहे आणि बाक भिंतीत पक्का केलेला आहे.