पुसलेला निरोप



"मीं तो निरोप केव्हांच पुसून टाकला," हें वाक्य आज घरोघर ऐकूं येतें. मोबाईलवर आलेला मजकूर वाचावा, पडद्यावर बोट टेकवावें आणि मजकूर दृष्टीआड झाला कीं निश्चिंत व्हावें, अशी आपली रीत आहे. परंतु दृष्टीआड झालेली वस्तु नष्टच झाली, असें मानण्यास आधार काय? आज याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. आणि त्यासाठीं मी आपणांस प्रथम मोबाईलच्या फार पूर्वींच्या काळांत, इ. स. १८४४ मधील लंडन शहरांत घेऊन जाणार आहें.

त्या वेळीं जोसेफ मॅझिनी हा इटालियन देशभक्त परागंदा होऊन लंडनमध्यें राहत होता. मराठी वाचकांस हें नांव परकें नाहीं. १९०७ सालीं सावरकरांनीं केलेला त्याच्या लेखांचा अनुवाद मराठींत प्रसिद्ध झाला होता. आपलीं पत्रें उशिरां येतात आणि त्यांवरील टपालाच्या शिक्क्यांत कांहीं गोलमाल दिसतो, असा मॅझिनीस संशय आला. त्यानें एक साधी युक्ति योजिली. आपल्या नांवें येणाऱ्या पत्रांत त्यानें खसखशीचे दाणे, वाळूचे कण किंवा एखादा केंस घालवून घेतला. पत्रें आलीं तीं वरून पाहतां बंदच होतीं. परंतु आंतील दाणे नाहींसे झाले होते. कोणीतरी पाकिटें उघडून पुन्हां शिताफीनें चिकटविलीं होतीं.

१४ जून १८४४ रोजीं टॉमस डंकोंब या सभासदानें ही तक्रार पार्लमेंटापुढें मांडली. गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहॅम यांच्या परवान्यानें पत्रें उघडलीं जात होतीं, हें उघड झालें आणि इंग्लंडांत एकच गहजब उडाला. कार्लाईलसारखा ग्रंथकार मॅझिनीची बाजू घेऊन वर्तमानपत्रांत लिहिता झाला. लोक चेष्टेनें आपल्या पाकिटांवर "याचें ग्रॅहॅम करूं नये" असें लिहूं लागले! दोन्ही सभागृहांनीं गुप्त चौकशीसमित्या नेमल्या. अखेर परदेशी पत्रें उघडणारी टपालखात्यांतील गुप्त कचेरी बंद करण्यांत आली. मात्र परवाना देऊन पत्र उघडण्याचा सरकारचा अधिकार कायम राहिला.

या कथेंतील एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. मॅझिनीनें हातीं आलेलें प्रत्येक पत्र वाचून जाळलें असतें, तरी त्याचा कांहीं उपयोग झाला नसता. कारण पत्रांच्या नकला टपालकचेरींतच उतरून घेतल्या जात होत्या. निरोपाला तीन घरें असतात: धाडणाऱ्याचें, नेणाऱ्याचें आणि घेणाऱ्याचें. पुसणारा मनुष्य या तिहींपैकीं केवळ आपलें घर झाडीत असतो.

आतां आपल्या देशाकडे वळूं. १८७९ सालीं हिंदुस्थानांत पाव आण्याचें टपालकार्ड सुरू झालें. खर्च अल्प, पण मजकूर उघडा. म्हणून क्षेमसमाचार कार्डावर आणि देण्याघेण्याची किंवा सोयरिकीची नाजूक गोष्ट पाकिटांत, हा विवेक आपल्या वाडवडिलांस कोणी शिकवावा लागला नाहीं. तारेची गोष्ट याहून निराळी. तार पाठविणाऱ्यास आपला मजकूर तारमास्तराच्या स्वाधीन करावाच लागे, आणि तो अक्षर न् अक्षर वाचल्यावांचून तारेवर चढत नसे. १८८५ च्या तार-कायद्यानें अशा नोकरास मजकूर फोडण्याबद्दल शिक्षा ठेविली. परंतु सार्वजनिक आणीबाणीच्या वा सुरक्षिततेच्या कारणासाठीं निरोप अडविण्याचा किंवा पाहण्याचा अधिकार सरकारनें स्वतःकडे राखला. आपली तारसेवा जुलै २०१३ मध्यें बंद पडली आणि २०२३ सालीं नवा दूरसंचार कायदा संमत झाला. पण तो अधिकार नव्या कायद्यांतही आहे.

मोबाईलवरील लघुसंदेश हा या तारेचाच वारस होय. ३ डिसेंबर १९९२ रोजीं इंग्लंडमध्यें नील पॅपवर्थ या तरुण इंजिनियरानें संगणकावरून एका दूरध्वनियंत्राकडे नाताळच्या शुभेच्छा धाडल्या. तो अशा प्रकारचा पहिला संदेश. एका संदेशांत रोमन लिपीचीं १६० अक्षरें मावतात. देवनागरी लिहिल्यास ती मर्यादा ७० वर येते. हा संदेश एका यंत्रांतून थेट दुसऱ्या यंत्रांत उडी घेत नाहीं. तो प्रथम कंपनीच्या संदेशकेंद्रांत जातो, तेथें सांठविला जातो आणि घेणाऱ्याचें यंत्र जागें असेल तेव्हां पुढें रवाना होतो. या साध्या संदेशावर धाडणाऱ्यापासून घेणाऱ्यापर्यंत टिकणारें कुलूप नसतें. स्वरूपानें तें पाकीट नव्हे, कार्डच. २०१६ पासून व्हॉट्सॲपनें आपल्या सर्व संदेशांस असें कुलूप घातलें, कीं त्याची किल्ली दोन्ही टोंकांच्या यंत्रांतच राहावी. मधलें घर अशा रीतीनें बंद झालें. पण तिसरें घर उघडेंच आहे. घेणारा मनुष्य मजकुराचें चित्र टिपून ठेवूं शकतो, आणि त्याच्या राखीव प्रतींत तो मजकूर वर्षानुवर्षें राहूं शकतो.

आणि आपलें स्वतःचें घर तरी झाडल्यानें स्वच्छ होतें काय? पाटीवरील अक्षरें ओल्या बोळ्यानें पुसलीं म्हणजे गेलीं. मोबाईलच्या स्मृतीचा प्रकार तसा नाहीं. तेथें पुष्कळदां अनुक्रमणिकेंतील ओळ तेवढी खोडली जाते आणि पान कोरें समजलें जातें. त्या पानावर दुसरा मजकूर उमटेपर्यंत जुना मजकूर जाणत्या माणसास हुडकतां येण्याचा संभव असतो. कांहीं यंत्रांत तर पुसलेले संदेश कित्येक दिवस निराळ्या कप्प्यांत राखून ठेविलेले असतात. म्हणून जुनें यंत्र विकतांना एकेक निरोप पुसत बसणें व्यर्थ होय. संपूर्ण यंत्र मूळ स्थितीस आणावें. हल्लींच्या यंत्रांत सर्व स्मृति सांकेतिक लिपींत असते आणि या क्रियेंत तिची किल्लीच नष्ट केली जाते. पेटी राहिली तरी ती उघडणार कशानें?

मधल्या घराची राखण मात्र एकट्या गृहस्थाच्या हातची नव्हे. तेथें कायदाच हवा. १८ डिसेंबर १९९६ रोजीं आपल्या सर्वोच्च न्यायालयानें दूरध्वनीवरील संभाषण चोरून ऐकण्यासंबंधीं निर्बंध घातले. हुकूम वरिष्ठ सचिवानेंच द्यावा, तो दोन महिन्यांनीं संपावा, वाढविला तरी एकंदर सहा महिन्यांपलीकडे जाऊं नये, आणि गरज सरतांच त्या मजकुराच्या नकला नष्ट कराव्या, असें त्यांत सांगितलें. पुसण्याचें कर्तव्य येथें प्रथमच नेणाऱ्याच्या व पाहणाऱ्याच्या शिरावर आलें. पुढें २४ ऑगस्ट २०१७ रोजीं नऊ न्यायमूर्तींच्या पीठानें खाजगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय एकमतानें दिला.

शेवटीं एक इशारा दिल्यावांचून राहवत नाहीं. पुसण्याची घाई कधीं कधीं घात करिते. एखाद्या मुलीस धमकीचा निरोप येतो, एखाद्या वृद्धास ठकविणारा संदेश येतो. आणि लाजेनें किंवा भीतीनें तो प्रथम पुसला जातो. अपराध्यास याहून हवें तें काय? असा निरोप जपून ठेवावा, घरांतील वडील माणसांस दाखवावा, आणि पैशाची फसवणूक झाली असल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावें. घरांतील वडील माणसांनींही तो ऐकून घेतांना रागें भरूं नये. नाहीं तर पुढील निरोप आपणांस कोणी दाखविणार नाहीं.

मॅझिनीस आपलीं पत्रें उघडलीं जातात हें कळलें, कारण त्यानें पुरावा पुसला नाहीं. उलट तो खसखशीच्या दाण्यांनीं निर्माण केला आणि चव्हाट्यावर मांडला. काय लिहावें याचा विवेक लेखणी उचलण्यापूर्वींच करावा, आणि काय राखावें याचा विवेक पुसण्यापूर्वीं. हातांतील यंत्र बदललें आहे. हा जुना विवेक बदलण्याचें कारण मला दिसत नाहीं.