वेटरांच्या पेन्शनवर उभं राहिलेलं हॉटेल

मार्च १९५८मध्ये क्युबाच्या राजधानीत, हवानात, हिल्टन उघडलं. बातिस्ताच्या हुकूमशाहीचे ते शेवटचे महिने. पैसा मात्र हिल्टनचा नव्हता. तो होता क्युबातल्या वेटर-स्वयंपाक्यांच्या पेन्शन फंडाचा. हिल्टनकडे फक्त हॉटेल चालवायचं काम. (दरमहा पीएफ कापला जाणाऱ्या माझ्यासारख्याला हा तपशील जरा जास्तच टोचतो.)

जेमतेम दहा महिन्यांनी, जानेवारी १९५९मध्ये, फिदेल कास्त्रो दाढीवाल्या बंडखोरांसह तिथे उतरला. २३२४ क्रमांकाच्या खोलीतून त्याने काही महिने देशाचा कारभार हाकला. १९६०मध्ये हॉटेल सरकारी झालं. नवं नाव ‘हबाना लिब्रे’, म्हणजे मुक्त हवाना.

इथवरची गोष्ट पर्यटकांना हौसेने सांगितली जाते. पुढची तितकी नाही. सोव्हिएत मदत आटल्यावर १९९०च्या दशकात देशाला डॉलर हवे होते, म्हणून अशी हॉटेलं परदेशी पाहुण्यांसाठी राखली गेली. सामान्य क्युबन माणूस तिथल्या चादरी बदलू शकत होता, खोली घेऊ शकत नव्हता. २००८मध्ये राऊल कास्त्रोने ही बंदी उठवली. तेव्हा सरकारी पगार होता महिन्याला साधारण वीस डॉलर. एका रात्रीचं भाडं त्याहून कितीतरी जास्त.