गोल्फचा ‘स्विंग’ : शिकवणी थोडी, सराव भरपूर

गोल्फ म्हटले की हिरवीगार मैदाने, पांढरे बूट आणि क्लबच्या सभासदत्वाचे लाखांतले आकडे डोळ्यांसमोर उभे राहतात. हा समज अगदीच निराधार आहे, असे नाही. मात्र भारतीय गोल्फचा इतिहास चाळला, तर या खेळातील काही अस्सल स्विंग खिसा रिकामा असलेल्या मुलांनी घडविले, हेही तितकेच खरे आहे. दिल्ली गोल्फ क्लबवर कॅडी म्हणून इतरांच्या बॅगा वाहणाऱ्या अली शेर यांनी १९९१ मध्ये इंडियन ओपन स्पर्धा जिंकली. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक गोल्फपटू. दोनच वर्षांनी, १९९३ मध्ये, त्यांनी ती पुन्हा जिंकली. कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबवर मैदानाची निगा राखणाऱ्या कर्मचाऱ्याचा मुलगा एस. एस. पी. चौरसिया याने २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे हेच विजेतेपद पटकावले.

महाराष्ट्रातील उदाहरण तर याहून बोलके आहे. मुंबईत चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबचे मैदान आहे आणि त्याच्या आसपासच्या वस्त्यांतून अनेक कॅडी येतात. मैदानावर खेळण्याची मुभा मोजकी, साहित्य तर आवाक्याबाहेरचे. मग या मुलांनी लोखंडी सळई वाकवून तिचाच क्लब केला, प्लास्टिकचा चेंडू घेतला आणि गल्लीबोळांतच गोल्फ सुरू केला. सळईचे टोक ते किती! ते चेंडूवर नेमके बसले नाही, तर चेंडू भलतीकडेच जाणार. अशा साधनावर घोटलेला हात खऱ्या क्लबवर अधिक अचूक चालतो, यात नवल नाही.

हिंगोलीसारख्या जिल्ह्यातील हौशी खेळाडूची अडचण मात्र वेगळी आहे. तेथे पाहून शिकण्यासाठी मैदानच हाताशी नाही. भारतात हा खेळ रुजला तो बव्हंशी लष्करी छावण्या आणि साहेबांच्या क्लबांच्या आधाराने. पुणे, देवळाली, कामठी या ठिकाणी छावणी टिकली आणि तिच्यासोबत गोल्फही टिकला. हिंगोलीतही हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. पण ती १९०३ मध्येच उठली. त्यामुळे हिंगोली, वसमत किंवा कळमनुरीत राहणाऱ्या अथवा नोकरीनिमित्त तेथे बदलून गेलेल्या हौशी खेळाडूला प्रशिक्षकाची भेट घ्यायची, तर नागपूर, पुणे वा मुंबई गाठावी लागते. शिकवणीच्या शुल्कात प्रवास आणि मुक्काम यांचीही भर पडते. वर्षाकाठी तीन-चार शिकवण्या परवडत असतील, तर त्यांचा वापर कसा करावा, हा खरा प्रश्न आहे.

पहिली शिकवणी कशासाठी?

पहिल्याच तासाला लांबच लांब फटका मारण्याचा मोह अनेकांना होतो. तो कटाक्षाने टाळावा. पहिल्या शिकवणीत पकड, उभे राहण्याची ठेवण आणि रोख या तीन गोष्टींखेरीज काही शिकू नये, असे म्हटले तरी चालेल. कारण साधे आहे. क्लबचे पाते आणि चेंडू यांचा प्रत्यक्ष स्पर्श सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाएवढाच टिकतो. त्या क्षणी हात काही दुरुस्ती करू शकत नाहीत. पाते कोणत्या दिशेला तोंड करून येणार, हे पकडीने आणि उभे राहण्याने बरेचसे आधीच ठरलेले असते. चुकीची पकड सहा महिने घोटली, तर ती सोडविण्यासाठी पुढच्या सगळ्या शिकवण्या खर्ची पडतात.

शुल्क भरण्यापूर्वीच प्रशिक्षकाला आपली मर्यादा स्पष्ट सांगावी. ‘पुन्हा तीन महिन्यांनी येईन, तोवर घरी काय करू?’ या प्रश्नाचे नेमके उत्तर देणारा प्रशिक्षक निवडावा. दहा तासांचे एकरकमी पॅकेज स्वस्त वाटते. परंतु दोन तासांमध्ये सरावाला सवड नसेल, तर त्यातला निम्मा पैसा वायाच जातो. दोघा-तिघांनी मिळून एक तास घेतला, तर खर्च विभागला जातो आणि दुसऱ्याची चूक पाहताना आपलीही उमगते. एका तासाला एकच दोष, हा नियम ठेवावा. प्रशिक्षकाचे शब्द त्याच दिवशी वहीत उतरवून घ्यावेत. आठवडाभराने त्यांचा अर्थ हमखास बदललेला असतो.

क्रिकेट खेळलेल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. लहानपणापासून बॅट फिरविलेल्या मनगटांना आडव्या फटक्याची सवय असते. असा खेळाडू खाली येताना खांदे आधी वळवतो, क्लब बाहेरून आत ओढतो आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू उजवीकडे वळत जातो. यालाच ‘स्लाइस’ म्हणतात. क्रिकेटमध्ये चेंडू खेळाडूकडे येतो, येथे तो जागीच पडून असतो. त्याला घाईने भिडण्याची गरज नसते.

अंगणातला सराव

घरच्या सरावासाठी चौदा क्लबांचा संच लागत नाही. चौदा ही नियमाने घालून दिलेली कमाल मर्यादा आहे, किमान नव्हे. स्पेनचा विख्यात खेळाडू सेव्ह बायेस्तेरोस बालपणी समुद्रकिनाऱ्यावर एकाच ३-आयर्नने सर्व प्रकारचे फटके शिकला. नवख्याने जुन्या बाजारातून एक ७-आयर्न, एक वेज आणि एक पटर घेतला, तरी पहिले वर्ष सहज निघते. वापरलेला क्लब घेताना दांडा सरळ आहे ना, पाते हलत नाही ना, हे पाहावे. रबराची मूठ झिजून गुळगुळीत झाली असेल, तर ती बदलून घ्यावी. घसरणारी मूठ घट्ट धरण्याच्या नादात मनगटे आखडतात.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयुक्त साधन म्हणजे रांगोळी! भुसभुशीत मातीवर किंवा वाळूच्या पट्ट्यावर रांगोळीची एक सरळ रेघ ओढावी. ती दोन्ही पायांच्या मधोमध येईल आणि लक्ष्याच्या दिशेला काटकोनात असेल, असे उभे राहावे. चेंडू न ठेवता ७-आयर्न फिरवावा आणि पात्याने माती कोठे खरवडली, ते पाहावे. खूण रेघेवर सुरू होऊन लक्ष्याच्या बाजूला गेली, तर फटका योग्य. रेघेच्या मागेच माती उडाली, तर शरीराचा भार मागच्या पायावर राहिला, असे बहुधा समजावे. दहा वेळा फिरवून किती खुणा योग्य जागी पडल्या, ते वहीत टिपावे. महिनाभराचे आकडे समोर असले, की प्रगतीबद्दल स्वतःची फसवणूक होत नाही.

लयीसाठीही काही विकत घ्यावे लागत नाही. जॉन नोव्होसेल या अमेरिकन लेखकाने नामांकित खेळाडूंच्या चित्रफिती मोजून २००४ मध्ये असे मांडले, की क्लब वर नेण्यास लागणारा वेळ हा खाली चेंडूपर्यंत आणण्याच्या वेळेच्या साधारण तिप्पट असतो. एकूण वेग प्रत्येकाचा निराळा, प्रमाण मात्र तेच. ‘एक-दोन-तीन’ म्हणत क्लब वर न्यावा आणि ‘चार’ला चेंडूवर यावे. दोन्ही पाय जुळवून अर्धा स्विंग करणे, हा याच्या जोडीचा व्यायाम; तोल गेला, तर घाई झाली हे लगेच कळते.

मोबाइलचा कॅमेरा तर आज जवळपास घरोघरी आहे. तो हातांच्या उंचीवर ठेवून दोनच बाजूंनी चित्रण करावे: एकदा छातीसमोरून आणि एकदा लक्ष्याच्या रेषेत मागून. कॅमेरा दरवेळी त्याच जागी हवा. तो हातभर सरकला, तरी स्विंगचा कोन वेगळा भासतो. हीच चित्रफीत पुढच्या शिकवणीला सोबत न्यावी. ती दूरवरूनच पाहून सल्ला देण्यास प्रशिक्षक तयार असेल, तर एखादी फेरीही वाचते.

जुनी पुस्तके आणि आंतरजालावरील व्हिडिओ यांबाबत मात्र सावधगिरी हवी. बेन होगन यांचे १९५७ चे ‘फाइव्ह लेसन्स’ पकड आणि ठेवण यांसाठी आजही वाचनीय आहे. परंतु चेंडू कोणत्या दिशेने निघतो, याबद्दल अनेक जुन्या पुस्तकांतील माहिती कालबाह्य झाली आहे. चेंडू स्विंगच्या मार्गाने निघतो, असे पूर्वी शिकवीत. रडारच्या साह्याने झालेल्या मोजमापांनंतर हे चित्र उलटले. चेंडूची सुरुवातीची दिशा सुमारे ७५ ते ८५ टक्के पात्याच्या तोंडावर अवलंबून असते, तर हवेतील वळण हे पात्याची दिशा आणि स्विंगचा मार्ग यांतील फरकाने ठरते, हे आता सर्वमान्य आहे. जुन्या नियमावर विसंबून स्लाइस दुरुस्त करू पाहणारा खेळाडू तो वाढवूनच बसतो.

पटिंगचा सराव घरातल्या फरशीवर, फार तर सतरंजीवर, होऊ शकतो. गोल्फच्या छिद्राचा व्यास १०८ मिलिमीटर असतो. त्याऐवजी त्याहून अरुंद पाण्याचा पेला लक्ष्य म्हणून ठेवावा. ७२ फटक्यांच्या मैदानाचे गणित मांडताना त्यांतले ३६ पट म्हणून धरलेले असतात, तेव्हा हा सराव दुय्यम नाही. अर्थात केवळ पटिंगवर भागत नाही. मार्क ब्रॉडी या अभ्यासकाने आकडेवारीनिशी दाखविल्याप्रमाणे खेळाडूंच्या धावसंख्येतील सुमारे दोन-तृतीयांश फरक शंभर यार्डांपलीकडील फटक्यांमुळे पडतो. म्हणूनच अंगणातल्या रेघेला सुट्टी देता येत नाही.

खरा चेंडू मात्र वस्तीजवळच्या मोकळ्या जागेत मारू नये. ४५ ग्रॅमचा हा टणक चेंडू हौशी खेळाडूच्या ड्रायव्हरवरूनही ताशी २०० किलोमीटरचा वेग गाठू शकतो. डोक्याला लागला, तर जीवावर बेतू शकते. पीक निघालेल्या शेतात कोणी दिसत नाही, हा भरवसा पुरेसा नाही. बांधापलीकडे गुरे वळणारे पोर असू शकते. अंगणात छिद्रे असलेला हलका प्लास्टिकचा चेंडू वापरावा. खऱ्या चेंडूचे फटके सिडकोने खारघरला उभारलेल्या मैदानासारख्या, बिगरसभासदांनाही शुल्क भरून खेळता यावे म्हणून निर्माण झालेल्या ठिकाणी, शहरात गेल्यावर मारावेत. मराठवाड्याची काळी जमीन उन्हाळ्यात दगडासारखी टणक होते; तिच्यावर क्लब आपटला, तर मनगट आणि कोपर दुखावतात. त्या दिवसांत तीन-चार पदरी गोणपाट अंथरावे, रेघ त्याच्यावरच ओढावी आणि पाते त्याला केवळ घासून जाईल, इतपतच जोर लावावा.