मोडेमची परीक्षा
15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांस इंटरनेट खुले केले, आणि पुढील काही वर्षांत अंधेरी-घाटकोपरच्या ज्या घरांतील संगणकांत, नियतकालिकांसोबत मिळणाऱ्या तबकड्यांवरून, लिनक्स उतरले, तेथे पहिला अडसर बहुधा मोडेमचाच पडला. स्वस्त अंतर्गत मोडेम-कार्डांत संकेतांचे गणित करणारी चिप वगळून तो भार विंडोजच्या ड्रायव्हरवर टाकलेला असे, आणि त्या ड्रायव्हरचे मूळ लेखन उत्पादक कुलपात ठेवीत. ग्राहकाच्या हक्कावरील हे मला सरळ अतिक्रमणच वाटते. खात्रीची तजवीज एकच: लॅमिंग्टन रोडवरून बाह्य मोडेम आणावा, सिरियल पोर्टात केबल खोचून स्क्रू आवळावेत, आज्ञा द्यावी, की दिवे लुकलुकत आणि कर्कश शीळ घालीत तार बोलू लागे.